नुसती लायब्ररी बदलली, तर एवढा वेळ कशाला?

मी बॅकअपचं सॉफ्टवेअर सांभाळते. ते ज्या लायब्रऱ्यांवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर, उभं आहे त्यांतल्या एखादीची नवी आवृत्ती आली, की ठरलेला प्रश्न येतो: "कोडमध्ये दोन ओळींचा तर बदल आहे, मग अपडेट द्यायला एवढा वेळ का लागतो?" तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. ओळी दोनच असतात, हे खरं आहे. पण वेळ त्या लिहिण्यात जात नाही.

लिबआरसिंकचंच उदाहरण घेते, कारण त्यात सगळं आलं. डुप्लिसिटी, आरडिफ-बॅकअप अशी सॉफ्टवेअर्स याच लायब्ररीवर चालतात. ती फाइलचे ब्लॉक, म्हणजे तुकडे, पाडते आणि प्रत्येक ब्लॉकचे दोन चेकसम, म्हणजे त्यातल्या डेटावरून निघणाऱ्या ओळखीच्या छोट्या संख्या, काढते, एक झटपट निघणारा कच्चा आणि दुसरा पक्का. या सगळ्यांची मिळून एक छोटी सिग्नेचर फाइल होते. पुढच्या बॅकअपला जुनी अख्खी फाइल उघडावी लागत नाही. सिग्नेचर हाताशी असली की कोणता ब्लॉक तसाच आहे आणि कोणता नवा ते कळतं, आणि फक्त फरक, म्हणजे डेल्टा, साठवला जातो. या पद्धतीचं मूळ अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये मांडलेल्या आरसिंकमध्ये आहे, आणि मला ती आजही अतिशय सुंदर वाटते.

२०१५ मध्ये लिबआरसिंकची १.०.० आवृत्ती आली आणि तिच्यावर बांधलेली सॉफ्टवेअर्स कंपाइल होईनाशी झाली, म्हणजे त्यांच्या कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होईना. सिग्नेचर सुरू करणारं फंक्शन आधी दोन आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला पुरवायच्या किमती, घ्यायचं, आता तीन मागू लागलं. पक्क्या चेकसमची ठरीव लांबी (८ बाइट) सांगणारा कॉन्स्टंट, म्हणजे नाव दिलेली कायमची संख्या, तोही काढून टाकला होता. कंपायलर म्हणतो, आर्ग्युमेंट कमी पडतायत. तिसरं आर्ग्युमेंट दिलं, लांबीच्या जागी ८ लिहिलं, की बिल्ड हिरवा, म्हणजे प्रोग्राम बिनतक्रार तयार. हेच ते दोन ओळींचं काम.

पण तिसरं आर्ग्युमेंट द्यायचं कोणतं? ते विचारतं, पक्का चेकसम कशाने काढू, एमडी४ ने की ब्लेक२ ने? हा प्रश्न लायब्ररीने उगाच विचारलेला नाही. एमडी४ हा रॉन रिव्हेस्ट यांनी १९९० मध्ये केलेला हॅश, म्हणजे चेकसम काढायची रीत. तो केव्हाच मोडीत निघालाय, आणि त्याच्या १६ बाइट्सपैकी जुनी लिबआरसिंक ठरीव म्हणून फक्त ८ ठेवायची. ८ बाइट म्हणजे ६४ बिट. एवढ्या लांबीत एकसारखा चेकसम असलेले दोन वेगळे ब्लॉक मुद्दाम शोधायचे, तर साधारण ४३० कोटी प्रयत्न पुरतात. आजच्या साध्या मशीनलाही हे जड नाही.

असे दोन ब्लॉक कुणी तुमच्या मेलबॉक्समध्ये किंवा डेटाबेसमध्ये घुसवले तर? पहिला ब्लॉक आज बॅकअपमध्ये गेला. उद्या त्याच्या जागी दुसरा आला, तर सिग्नेचर सांगते की हा ब्लॉक आपल्याकडे आहेच. डेल्टामध्ये "जुनाच घ्या" एवढी नोंद होते आणि नवा डेटा साठवलाच जात नाही. बॅकअप यशस्वी म्हणून नोंदला जातो, लायब्ररी कसलीही तक्रार करत नाही. रिस्टोअर केल्यावर मात्र जी फाइल मिळते ती तुमची नसते. बॅकअपच्या कामात याहून वाईट दोष मला माहीत नाही.

म्हणून तिथे एमडी४ लिहून मोकळं होणं मला पटत नाही. बिल्ड होतो, जुनं सगळं चालतं, आणि नव्या आवृत्तीत जे दुरुस्त केलं तेच आपण पुन्हा आत घेतो. ब्लेक२ लिहायचं आणि लांबी ८ च ठेवायची, यालाही अर्थ नाही. हॅश चांगला झाला तरी लांबी तोकडीच राहिली. ब्लेक२ चे पूर्ण ३२ बाइट घ्यायला हवेत. सिग्नेचर फाइल त्यामुळे चांगलीच फुगते, पण तो खर्च करण्यासारखा आहे.

आता वेळ कुठे जातो ते. सिग्नेचर फाइलच्या पहिल्या चार बाइट्समध्ये तिचा प्रकार लिहिलेला असतो. एमडी४ च्या फाइलमध्ये चौथा बाइट हेक्समध्ये (१६ च्या पटीत मोजायच्या पद्धतीत) ३६, ब्लेक२ च्या फाइलमध्ये ३७. नवी लायब्ररी दोन्ही ओळखते. जुन्या लायब्ररीला मात्र ३७ कळत नाही, ती तिथेच एरर देऊन थांबते. म्हणजे सर्व्हर (बॅकअप साठवणारं मशीन) नवा आणि क्लायंट (ज्याचा बॅकअप घ्यायचा ते मशीन) जुना असेल, तर सर्व्हरने पाठवलेली ब्लेक२ ची सिग्नेचर क्लायंटला वाचताच येणार नाही. त्यामुळे काम सुरू करण्याआधी दोघांनी कोणता हॅश वापरायचा ते आपसात ठरवून घेतलं पाहिजे, आणि तो कोड लायब्ररी देत नाही, आपल्यालाच लिहावा लागतो. जुना-नवा, नवा-जुना, सगळ्या जोड्या चालवून पाहाव्या लागतात. अपडेट करून काही दिवस चालवलं आणि मग कुणी जुन्या आवृत्तीवर परत गेलं, तर काय होईल तेही.

जुन्या डेल्टांची काळजी त्या मानाने कमी. त्यांत "इथून एवढं कॉपी करा, हे नवं लिहा" एवढंच असतं, पक्का चेकसम नसतो. तरी मी प्रत्येक जुन्या आवृत्तीने केलेले बॅकअप जपून ठेवलेत. नव्या बिल्डने ते एकेक रिस्टोअर करते आणि मूळ फाइल्सशी बाइट न् बाइट ताडून पाहते. बॅकअप झाला एवढ्यावर माझं समाधान होत नाही.

ही काळजी एकाच लायब्ररीपुरती नाही. फाइल्स कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायला वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलच्या १.१.० आवृत्तीत, २०१६ साली, पासवर्डवरून किल्ली बनवण्याचा ठरीव हॅश एमडी५ वरून एसएचए-२५६ झाला. ज्यांच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये हॅशचं नाव स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, त्यांना बरोबर पासवर्ड टाकूनही जुनी फाइल उघडेना. हॅश एमडी५ असल्याचं कमांडमध्ये सांगितलं की ती उघडते, पण ऐन अडचणीच्या वेळी हे कुणाला सुचणार? पुढे २०२१ मध्ये ३.० आली आणि ब्लोफिशसारखे जुने सायफर, म्हणजे कुलूप लावायच्या रीती, वेगळ्या लेगसी प्रोव्हायडर नावाच्या भागात गेले. तो मुद्दाम लोड केला नाही तर ब्लोफिशने बंद केलेले बॅकअप बंदच राहतात.

राहिला तुमच्याकडचा भाग. अपडेट बसवलं म्हणून एमडी४ लगेच जात नाही. जुनी सिग्नेचर एमडी४ ची असेल, तर तिच्याशी होणारी पुढची तुलनाही एमडी४ नेच होते, मग लायब्ररी कितीही नवी असो. म्हणून नवी आवृत्ती बसवल्यावर एकदा पूर्ण बॅकअप घ्या. तो नेहमीपेक्षा मोठा असेल आणि जास्त वेळ खाईल, तो मध्येच थांबवू नका. आणि त्यातली एखादी मोठी फाइल दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून पाहिल्याशिवाय जुने बॅकअप पुसू नका.