बायस बंद झाला, गेला नाही

स्टँडबाय करंट मोजणे हे आमच्या विभागातले सर्वांत नीरस काम समजले जाते: चिप झोपवायची, मीटर स्थिर होईपर्यंत थांबायचे आणि आकडा नोंदवायचा. त्या दिवशी मात्र टेस्टरवरचा आकडा सिम्युलेशनच्या जवळजवळ दहापट येत होता, आणि तीच चिप मी बेंचवर हाताने मोजली की आकडा चोख उतरत होता.

चिप २८ नॅनोमीटर एफडी-एसओआय प्रक्रियेतली होती. या रचनेत ट्रान्झिस्टरचा चॅनेल, म्हणजे करंट वाहण्याची वाट, जेमतेम ७ नॅनोमीटर जाडीच्या सिलिकॉनमध्ये असतो आणि त्याखाली सुमारे २५ नॅनोमीटरचा ऑक्साइड पुरलेला असतो, त्यामुळे गेटला, म्हणजे ही वाट उघडझाप करणाऱ्या टोकाला, न जुमानता खालून निसटणारा करंट (लीकेज) अडतो. शिवाय ऑक्साइडखालचा वेल (well, सिलिकॉनचा डोप केलेला भाग) दुसऱ्या गेटसारखा वापरता येतो. त्यावर १ व्होल्ट चढवला की थ्रेशोल्ड (ट्रान्झिस्टर चालू होण्यासाठी लागणारा व्होल्टेज) सुमारे ८५ मिलिव्होल्टने उतरतो. हा फरक किरकोळ वाटेल, पण खोलीच्या तापमानाला तेवढ्याने लीकेज दहापटीच्या आसपास वाढते. वेगासाठी आम्ही नेमका १ व्होल्टच देत होतो आणि चिप झोपताना वेलचा हा व्होल्टेज (बायस) पुरवणारा जनरेटर बंद करत होतो.

टेस्टरवरची दहापट आणि बायसमुळे होणारी ही दहापट एकमेकांशेजारी ठेवायला मला दुपार झाली, कारण सकाळ चिप बसवायच्या सॉकेटला दोष देण्यात गेली. (न पटणारा आकडा आला की आमच्याकडे पहिला आरोपी सॉकेटच असतो.) शेवटी चिप थर्मल चेंबरमध्ये ठेवून करंट सलग नोंदवला. तो एकदम पडत नव्हता, सावकाश ओसरत होता, आणि चेंबर जितका थंड तितका अधिक वेळ लागत होता. जनरेटर बंद होता, परंतु वेल ग्राउंडला ओढणारा स्विच डिझाइनमध्ये नव्हताच. वर ऑक्साइड आणि खाली रिव्हर्स बायसमधले, म्हणजे उलट व्होल्टेजमुळे जवळजवळ बंद असलेले, जंक्शन असताना वेलवरचा चार्ज त्या जंक्शनमधून झिरपत होता, आणि थंडीत ते झिरपणेही आटत होते. बेंचवर मी थांबत असे. टेस्टर काही मिलिसेकंदांत मोजून मोकळा होत असे.

सिम्युलेशनमध्ये डिझाइनवाल्यांनी वेल शून्यावर धरला होता आणि रिव्ह्यूत त्यावर सही करणाऱ्यांत मीही होतो. चिप प्रत्यक्ष वापरात सेकंदाला अनेकदा जागी होणार होती, म्हणजे खरा आकडा टेस्टरचा होता, आणि मी बेंचवरचा आकडा बरोबर म्हणून आधीच कळवून बसलो होतो.

पुढच्या आवृत्तीत स्विच आला. आता प्रत्येक झोपेला वेल रिकामा होतो आणि उठताना पुन्हा भरावा लागतो. किती छोट्या झोपेसाठी तो चार्ज फेकून देणे लीकेजपेक्षा महाग पडते, त्याचा आलेख मी अजून काढतो आहे.