आमची वाटचाल : पेटीतल्या उबेची जबाबदारी

पुण्यात धायरीच्या एका लहान गाळ्यात आम्ही मत्स्यालयाच्या काचेच्या टाक्या बनवत होतो. एका ग्राहकाने बॉल पायथन या आफ्रिकी अजगरासाठी उबदार पेटी करून मागितली, तेव्हा त्यात थोडे सुतारकाम आणि थोडे वायरिंग याहून अधिक काही असेल असे आम्हाला वाटले नव्हते. बुधवार पेठेतील तापकीर गल्लीतून ठरवलेले तापमान राखणारा थर्मोस्टॅट, त्याच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा रिले आणि तापमान मोजणारा सेन्सर आणले, तळाला हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) लावली आणि टाक्यांच्या सवयीप्रमाणे सेन्सर रबरी सक्शन कपने काचेला चिकटवला. पाण्याच्या टाकीत ही पद्धत चालते, कारण पाणी सतत फिरत असल्यामुळे सेन्सर कोठेही असला तरी जवळपास तेच तापमान दाखवतो. कोरड्या पेटीत मात्र वीतभर अंतरावर तापमान बदलते. तसे ते बदलायलाच हवे, कारण बॉल पायथनला एका टोकाला सुमारे ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश मिळाले, तरच तो स्वतः जागा बदलून आपल्या शरीराचे तापमान सांभाळू शकतो.

आमच्या सुरुवातीच्या पेट्यांपैकी एक पाषाणला गेली होती. तिकडचा हिवाळा शहराच्या मध्यवस्तीपेक्षा अधिक बोचरा असतो. जानेवारीतील एका रात्री सक्शन कप सुटला आणि सेन्सर पाण्याच्या भांड्यात पडला. थर्मोस्टॅट ३२ अंशांवर लावलेला होता, पण त्याला गार पाण्याचेच तापमान कळत राहिल्यामुळे मॅट सकाळपर्यंत अखंड तापत राहिली. पोटाखालचा पृष्ठभाग धोकादायक तापला तरी साप तेथून वेळेवर हलेलच असे नसते, आणि त्या सापाच्या पोटाला भाजले. थर्मोस्टॅट बिघडलेला नव्हता. त्याला मिळालेल्या माहितीनुसार तो अगदी बरोबर वागला होता. चूक सेन्सर बांधणाऱ्याची, म्हणजे आमची होती. पशुवैद्यकांकडील उपचारांचा खर्च आम्ही दिला, परंतु त्या प्राण्याने अनेक महिने सोसलेल्या वेदनेची भरपाई त्यातून झाली नाही. त्याने कितीतरी वेळा कात टाकल्यानंतर पोटावरचे खवले सावरले.

त्यानंतर आम्ही नव्या मागण्या थांबवल्या आणि केवळ सेन्सर कसा बांधावा यावर काम केले. चिकटपट्टी पहिल्याच दिवशी बाद केली, कारण उबेने आणि ओलाव्याने तिची कड सुटते आणि सुटलेल्या पट्टीला साप चिकटला तर ती काढताना त्याची कातडी सोलली जाते. ग्लू गनचा गोंद उष्णतेने मऊ पडतो. ॲक्वेरियम सिलिकॉन चांगले धरते, मात्र त्याचा व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत पेटीत प्राणी सोडता येत नाही. आता मॅट असलेल्या पेट्यांमध्ये आम्ही सेन्सर आत ठेवतच नाही. तळाच्या काचेखाली खाच असलेली पट्टी बसवून मॅट आणि काच यांच्यामध्ये तो दाबून धरतो, त्यामुळे प्राण्याला तो ढकलता येत नाही आणि पाण्याचाही संबंध येत नाही. मात्र तेथील तापमान आणि आतील काचेचे तापमान सारखे नसते, म्हणून आतील पृष्ठभाग इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून त्यानुसार थर्मोस्टॅटचा आकडा ठरवावा लागतो. हे मोजमाप पेटीत पसरलेल्या भुश्शावर घेऊन भागत नाही, कारण साप भुसा उकरून थेट काचेवर जाऊन बसतो. वरून उष्णता देणाऱ्या सिरॅमिक हीटरसाठी सेन्सर उबदार टोकाच्या भिंतीवर, प्राण्याच्या पाठीच्या उंचीला, स्क्रूच्या दोन क्लिपांनी बसवतो. हीटरभोवती जाळी असतेच. वायर ग्लँडमधून (पेटीच्या भोकात वायर घट्ट धरणाऱ्या बुचातून) बाहेर काढून तिला थोडा सैल वळसा देतो, म्हणजे बाहेरून हिसका बसला तरी तो सेन्सरपर्यंत पोहोचत नाही.

सेन्सरची वायर तुटण्याचा धोका याहून फसवा आहे. आमच्या थर्मोस्टॅटना लागणाऱ्या एनटीसी सेन्सरचा रोध २५ अंशांना १० किलोओहम असतो आणि तापमान वाढेल तसा तो कमी होतो. वायर तुटली की रोध अमर्याद होतो, आणि साध्या थर्मोस्टॅटला त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लागतो, त्यामुळे तो हीटर चालूच ठेवतो. म्हणून सेन्सर काढताच हीटर बंद करून गजर देणारेच थर्मोस्टॅट आम्ही वापरतो. रिलेचे संपर्कबिंदू चिकटले तर तोही उपाय निरुपयोगी ठरतो, यासाठी हीटरच्या वायरीत स्वतंत्र थर्मल कट-आउट (जास्त तापल्यास वीज तोडणारा भाग) जोडतो. प्रत्येक पेटी ४८ तास चालवून, वायर हाताने ओढून आणि सेन्सर मुद्दाम सोडवून पाहिल्याशिवाय गाळ्याबाहेर जात नाही. या दोन दिवसांसाठी काही ग्राहक आमच्यावर नाराज झाले, तरी त्यात सवलत दिलेली नाही. पुण्याच्या एप्रिलमध्ये खोलीच ३८ अंशांवर जाते तेव्हा कोणताही थर्मोस्टॅट पेटी गार करू शकत नाही, हेही आम्ही आधीच सांगतो.

तारांकित कासव किंवा भारतीय अजगर यांच्यासाठी आलेली मागणी आम्ही घेत नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पाळता येत नाहीत. बॉल पायथनसाठी पेटी मागणाऱ्यांकडे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरील नोंदणीची विचारणा करतो.

सक्शन कपच्या काळातील बहुतेक पेट्या आम्ही घरोघरी जाऊन बदलून दिल्या आहेत. दोन ग्राहकांनी मात्र घर बदलले आणि त्यांचे जुने फोन क्रमांक लागत नाहीत. आमची तशी पेटी आपल्याकडे असेल, किंवा कोणाकडून जुनी विकत घेतली असेल, तर प्राण्याला तात्पुरते दुसरीकडे हलवून मॅटचा प्लग आजच काढावा आणि आम्हाला कळवावे. नवी पट्टी आणि कट-आउट आम्ही घरी येऊन विनामूल्य बसवून देऊ.