तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्याच सोन्याचं का करून देत नाही?

"घरातलं जुनं सोनं आहे. ते वितळवा आणि त्याचीच अंगठी करून द्या. एवढ्याशा कामाला आढेवेढे कसले?" दागिना घडवून घ्यायला येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस मला हे विचारतं. मी दरवेळी उत्तर देते, ते दरवेळी तोकडं पडतं, आणि समोरचा मनात भलताच समज घेऊन जातो. म्हणून एकदा सगळं सांगून टाकते.

अडचण सोन्याची नाही, त्याच्याबरोबर जे येतं त्याची आहे. साखळीच घ्या. तिच्या कडीकडीला डाख असतो, म्हणजे जोड पक्का करायला वितळवून लावलेला धातू. डाख दागिन्याच्या आधी वितळावा म्हणून त्यात जस्त घालतात. जुन्या डाखांत कॅडमियमही सापडतं. शुद्ध सोनं १,०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, जस्त ९०७ अंशांना उकळतं आणि कॅडमियम ७६७ अंशांनाच. सोनं वितळवायचं भांडं, म्हणजे मूस, तापली की यांची वाफ होऊ लागते. कॅडमियमची वाफ फुप्फुसांना विषारी, आणि जस्त उडून गेलं की ओतलेल्या तुकड्यात, लगडीत, बारीक छिद्रं राहतात. त्यात कुणी कधी घाईच्या दुरुस्तीत शिशाचा डाख लावला असेल तर बघायलाच नको. टक्क्याच्या काही शतांशांइतकं शिसंही सोनं ठिसूळ करायला पुरतं. शिवाय एका पुडीत २२ कॅरेटची बांगडी आणि १८ कॅरेटची साखळी अशी सरमिसळ असते. एकात ९१.६ टक्के सोनं, दुसऱ्यात ७५. दोन्ही एकत्र ओतलं की हाती येतं ते मधलंच काहीतरी, आणि त्याचा रंगही धड इकडचा नसतो ना तिकडचा.

हे सगळं मी एका बाईंनाही सांगितलं होतं.

त्यांची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी आईची एक बांगडी, एक तुटकी साखळी आणि आईच्या कानातला एक खडा आणला होता. त्या सोन्यात तो खडा बसवून हवा होता. मी म्हटलं, "साखळी बाजूला ठेवू, नुसती बांगडी घेऊ." त्या म्हणाल्या, "साखळी तिच्या गळ्यात रोज असायची. बांगडी ती कधीतरीच घालायची." यावर मी काय बोलणार? धोका काय आहे ते पुन्हा समजावलं, दोन्हींचं त्यांच्यासमोर वजन केलं आणि मूस चढवली. त्या समोरच बसून राहिल्या.

लगड पहिल्यांदा दिसायला चांगली होती. ऐरणीवर हलक्या हातानं ठोकली, ताव दिला, पत्रा काढायच्या रोलमध्ये घातली आणि कडांना चिरा गेल्या. कडा कापल्या, मळ ओढून घेणारा टाकणखार घालून पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली. या वेळी चीर मधूनच गेली. सोनं चिरतं तेव्हा ते हाताला आधी कळतं, रोलच्या दांड्याचा जोर एकदम हलका होतो. मी थांबले.

आता एकच रस्ता होता, शुद्धीकरण. तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, त्यात सोनं विरघळतं, मग ते वेगळं काढलं की हजारात ९९९ भाग शुद्ध मिळतं. पण शुद्धीकरणवाल्याकडे ते बाकीच्यांच्या सोन्याबरोबर एकाच घाण्यात जातं. परत येतं ते तितकंच सोनं, तेच सोनं नव्हे. मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्यात आई कुठे राहिली?"

माझ्या खणात चांगलं सोनं होतं. तेवढ्याच वजनाचं, त्याच रंगाचं काढून मी अंगठी करू शकले असते. जगातल्या कुठल्याही कसाच्या दगडाला ते कळलं नसतं, आणि त्या बाई समाधानानं घरी गेल्या असत्या. हा विचार माझ्या मनात आला, आणि चांगला दोन मिनिटं रेंगाळला. मी तसं केलं नाही. लगड, कापलेल्या कडा, कीस, सगळं गोळा करून काट्यावर ठेवलं. आणलं होतं त्यापेक्षा किंचित कमी भरलं. जस्त उडालेलं, मळ जळालेला, टाकणखाराच्या काचेत अडकलेला अंश. आम्ही याला घट म्हणतो. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे पाहिलं. "कमी कसं?" एवढंच विचारलं. मी कारण सांगितलं. त्यांनी पुडी बांधली, खडा उचलला आणि गेल्या.

पुढे कळलं, त्यांना दुसरीकडून अंगठी करून मिळाली. "त्याच सोन्याची," असं सांगणाऱ्यानं मुद्दाम सांगितलं. कदाचित तिथल्या कारागिरानं पत्रा न काढता मेणाच्या नमुन्यावरून केलेल्या साच्यात जाड ओतीव अंगठी केली असेल. तसं जमतं कधीकधी. कदाचित माझ्या खणासारखा त्याचाही खण असेल. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

स्वतंत्र काम सुरू केलं तेव्हा मी ठासून सांगत असे: सोन्याला आठवण नसते. एक अणू दुसऱ्यासारखाच. आठवण घाटात घाला, आईच्या बांगडीवरची वेल अंगठीवर उतरवून घ्या, धातू नवा वापरा. हे आजही मला चुकीचं वाटत नाही. पण मग सोनं बदलणं मला फसवणूक का वाटलं? अणू सारखेच असतील तर मी त्या बाईंचं काय हिरावून घेणार होते? ते मला बदलवलं नाही, म्हणजे ते सोनं वेगळं आहे हे कुठेतरी मीही मानते. तेव्हाची मी यावर म्हणेल, फसवणूक खोटं बोलण्यात आहे, धातूत नाही. तिचंही बरोबर आहे. हा वाद माझ्यापुरता मिटलेला नाही.

तोवर मी असं करते. एकसंध, बिनडाखाची बांगडी असेल तर आनंदानं घेते. बाकी सोन्याचा आधी छोटा तुकडा वितळवून, ठोकून बघते, आणि तो चिरला तर तिथंच नकार देते. खडा धरणारी नखं मात्र कायम नव्या सोन्याची, कारण छिद्राळ नख तुटलं तर खडाच जातो. काही जण नव्या अंगठीच्या आतल्या बाजूला जुन्या सोन्याची बारीक तार बसवून घेतात. काहींना तो देखावा वाटतो.

नकार ऐकून तुम्ही दुसरीकडे गेलात तर मला राग येत नाही. राग येतो तो काट्याकडून माझ्या हातांकडे वळणाऱ्या नजरेचा. पण आमच्या धंद्यावर ती नजर उगाच पडायला लागलेली नाही, घटीच्या नावाखाली सोनं मारणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्यामुळे त्या बाईंवर रागवायचा मला हक्क होता का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.