पहिली बांग

अंडी उबवायला ठेवताना माणूस मनातल्या मनात सगळ्या तलंगाच, म्हणजे तरण्या कोंबड्याच, मोजत असतो. मीही मोजल्या. 21 दिवसांनी सात पिल्लं बाहेर आली, सगळी कापसाच्या गोळ्यांसारखी, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. सहाव्या-सातव्या आठवड्यात त्यातल्या चौघांचे तुरे लाल व्हायला लागले. निम्मी पिल्लं नर निघणार हा हिशेब मला येत नव्हता असं नाही. पण आपल्या खुराड्यात तो लागू होईल असं का कोण जाणे वाटलं नव्हतं.

दहाव्या आठवड्याच्या सुमारास एका सकाळी पाण्याच्या पंपात हवा अडकल्यासारखा आवाज आला. मी पंप बघायला गेलो. पंप बंद होता. शेजारी तांब्या (रंगावरून, भांड्यावरून नव्हे) मान उंचावून उभा होता आणि स्वतःच्याच गळ्यातून हे काय निघालं म्हणून चकित झाला होता. पुढच्या पंधरवड्यात कवड्याचा, भुऱ्याचा आणि सगळ्यात लहान म्हणून धाकल्या झालेल्याचाही घसा फुटला. अंगणात कोंबड्या जुन्या-नव्या धरून सहा, आणि हे पोरगेले कोंबडे चार. साधारण आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा, असं जाणते सांगतात. म्हणजे माझ्याकडचा एकसुद्धा नियमात बसत नव्हता.

मग झुंजी सुरू झाल्या. दोघं समोरासमोर यायचे, मानेची पिसं छत्रीसारखी उघडायची, डोकी खाली. मग मध्येच दोघंही जमिनीवर काहीतरी टिपल्याचं सोंग करायचे, जणू भांडण हा विषयच नाही. आणि पुढच्या क्षणी छातीला छाती भिडवून हवेत. मी केरसुणी घेऊन धावायचो. दिवसातून दहादा. एकदा असाच धावलो तेव्हा आई खिडकीतून म्हणाली, "रक्त आलंय का?"

"नाही."

"मग आत ये."

याच सुरात तिने आम्हा भावंडांची भांडणं ऐकली असणार. मी आत गेलो नाही. उलट भुऱ्याला उचलून वेगळा डालला, चार दिवस. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे लहानपणापासून ऐकतो, पण कोंबडं झाकल्याने भांडण वाढतं हे कुणी सांगितलं नव्हतं. चार दिवसांनी डालगं उचललं आणि भुऱ्या त्याच तिघांत परका झाला. त्याची जागा भरली गेली होती. ती परत मिळवायला त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळ्यांशी भिडावं लागलं, आणि या खेपेला खरंच रक्त आलं. तुऱ्याला जखम छोटी असली तरी रक्त फार येतं, आणि लाल दिसलं की बाकीचे तिथेच चोच मारत राहतात. आता मात्र त्याला बाजूला घेणं भागच होतं. फक्त या वेळी जाळीआड ठेवला, म्हणजे सगळे एकमेकांना दिसत राहिले. परत सोडला तोही रात्री, अंधारात, दांडीवर बाकीच्यांच्या शेजारी. सकाळी थोडी कुरबूर झाली, तेवढंच.

कोंबड्यांत कोण कुणाला टोचणार याची ठरलेली उतरंड असते, हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं ते थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेजियन माणसाने. 1922 साली त्याचं काम प्रसिद्ध झालं. लहानपणापासून तो कोंबड्यांच्या मागे वही घेऊन बसायचा. या वहीचं मला फार कौतुक वाटतं. माझ्या हातात त्या वयात गलोल होती, आणि या वयात केरसुणी. तो लिहीत बसला म्हणून त्याला दिसलं की ही टोचाटोची बेबंद नसते. एकदा कोण वरचा ते ठरलं, की पुढे नुसती मान वळवून काम भागतं. मी प्रत्येक झुंज निकालाच्या आधी मोडत होतो, म्हणून तीच झुंज दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहत होती.

केरसुणी ठेवल्यावर करण्यासारखं बरंच निघालं. दाणा-पाणी तीन ठिकाणी ठेवलं, तेही एकावरून दुसरं दिसणार नाही असं, नाहीतर तांब्या मधोमध उभा राहून तिन्हींवर पहारा द्यायचा. एक जुनी फळी भिंतीला तिरकी टेकवली. या फळीने जेवढं काम केलं तेवढं मी वर्षभरात केलं नसेल. हरणाऱ्याला दृष्टीआड होता आलं की झुंज संपते. पळायला कोपराच नसेल तर जिंकणाऱ्याला ती संपली हे कळतच नाही. आणि अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य बंद केलं. टरफलासाठी त्यात चुना भरपूर असतो, तो वाढत्या नरांच्या मूत्रपिंडांना जड जातो. सगळ्यांना वाढीचं खाद्य, आणि अंडी देणाऱ्या कोंबड्यांपुरता शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात.

खरा त्रास मात्र कोंबडे एकमेकांना देत होते त्याहून तलंगांना जास्त होता. मुरलेला कोंबडा दाणा सापडला की टुक-टुक करतो, तो उचलून पुन्हा खाली टाकतो, कोंबडीला बोलावतो, एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फेर धरतो. या चौघांना यातलं काही येत नव्हतं. मागून धावायचं आणि मानेला धरायचं, एवढंच. दोन तलंगांच्या पाठीवरची पिसं गेली, तिसरी दिवसभर दांडीवरून खाली उतरेना. तेव्हा मध्ये जाळी घातली: इकडे कोंबड्या आणि एकच कोंबडा, तिकडे बाकीचे तिघे. कोंबड्या नजरेआड झाल्यावर तिकडचे तिघे चार दिवसांत इतके निवले की एकाच सावलीत धुळीने अंघोळ करू लागले.

पण चौघांपैकी कोंबड्यांच्या बाजूला कुणाला ठेवायचं? सगळ्यांत दांडगा म्हणून तांब्याला ठेवावं असं आधी वाटलं होतं. पण आठवडाभर नुसता बसून पाहिलं, तेव्हा एकदा तरी दाणा टाकून टुक-टुक केलं ते कवड्याने. शिवाय घार दिसल्यावर तो लांबलचक कर्कश ओरडला आणि सगळ्या झुडपाखाली गेल्या. (मांजर आलं की कोंबडे वेगळं ओरडतात, तुटक-तुटक.) कवड्या राहिला.

धाकल्याचं सांगायला जरा लाज वाटते. तो अशक्त म्हणून मी त्याला मांडीवर घेऊन वाढवला, हातावर दाणे दिले. त्याची माणसाची भीड गेली. बाकीच्या तिघांपुढे शेपूट खाली घालणारा हा गडी पाचव्या महिन्यात माझ्या नडगीवर उडी घेऊ लागला. त्याच्या यादीत त्याच्याही खाली एक नंबर होता, तो माझा. पळायचं नाही, लाथ मारायची नाही, आपण चालत राहायचं आणि वाटेतून त्याने बाजूला व्हायचं. जमतं हळूहळू. जाड पँट लागते.

आणि बांग. कोंबड्याला पहाट उजेडामुळे कळते असं मी धरून चाललो होतो. 2013 साली जपानमधल्या संशोधकांनी कोंबडे मंद उजेडात बंद ठेवून पाहिले, तरी ते आतल्या घड्याळावर पहाटेच्या आधी आरवले. त्याच मंडळींनी 2015 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहिली बांग सगळ्यांत वरचा देतो, मग बाकीचे आपापल्या पायरीने. वरच्याला काढून नेलं तर दुसरा सुरुवात करतो. हे वाचल्यापासून मला खिडकी उघडावी लागत नाही. आधी तांब्या, खर्जात. मग जाळीपलीकडून कवड्या. मग भुऱ्या, शेवटी किंचित चिरकणारा. मग बऱ्याच वेळाने धाकल्या, घाईघाईने उरकल्यासारखा. अंथरुणात पडल्या पडल्या घरची सगळी खबर कळते.

परवा अंधारातच जाग आली. पहिली बांग झाली आणि ती शेवटी चिरकली. मी केरसुणीच्या दिशेने निम्मा उठलो आणि थांबलो. दुसरी कवड्याची. तिसरीला बराच वेळ लागला, आणि ती धाकल्याची होती, घाई न करता दिलेली.

मी कान देऊन पडून राहिलो. खिडकीच्या फटीतून करडा उजेड आला, आईने चूल पेटवल्याचा आवाज आला, चांगलं लख्ख उजाडलं, तरी चौथी बांग आली नव्हती.