वेरूळ: मुकुटावरून देव ओळखताना

वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. इतर दिवशी मूर्तींचे मुकुट बघायचे तर दुपार कलल्यावर जावं. लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, त्यामुळे तेव्हा तिरपं ऊन आत येतं आणि जटेची बट न बट सुटी दिसते. सकाळी त्याच जागी नुसता काळा गोळा दिसतो. विजेरी न्यावी, पण समोरून मारू नये. समोरच्या उजेडात कोरीव काम सपाट होतं. बाजूने धरावी.

मी सुरुवात कैलासापासून नाही, १४ व्या लेण्यापासून, रावण की खाईपासून करते. आत शिरताना डावीकडच्या भिंतीवर वैष्णव मूर्ती, उजवीकडे शैव. मुकुटांची तुलना करायला याहून सोयीची जागा नाही. डावीकडे लक्ष्मीसह बसलेल्या विष्णूचा किरीट पाहा: उंच, वर किंचित निमुळता, कपाळाशी पट्टा. हा घडवलेला दागिना आहे, डोक्यावर ठेवायचा. उजवीकडे नाचणाऱ्या शिवाचा जटामुकुट म्हणजे त्याचेच केस, वर बांधून दागिन्यांनी आवळलेले. चंद्रकोर किंवा कवटी शोधावी ती त्या केसांतच. मानसार हा शिल्पग्रंथ जटा ब्रह्मा-रुद्रांना देतो, किरीट नारायणाला आणि सार्वभौम राजालाही.

तिसरा करंडमुकुट. घरातली मडक्यांची उतरंड डोळ्यांपुढे आणा: खाली मोठं, वर लहान होत गेलेलं. पुढे चोळांच्या धातुमूर्तींत पार्वतीच्या डोक्यावर तो स्वच्छ दिसतो. वेरूळच्या बऱ्याच स्त्रीमूर्तींना मात्र धम्मिल्ल आहे, म्हणजे भरघोस सजवलेला अंबाडा. त्याला मुकुट म्हणू नये. २१ व्या लेण्याबाहेरची मकरावर उभी गंगा त्यासाठी सावकाश बघावी.

फसायला होतं ते दोन ठिकाणी. शेंडा तुटलेला किरीट बुटका होऊन करंडासारखा दिसतो. अशा वेळी बाजू पाहावी. सरळ चढत गेली तर किरीट, टप्प्याटप्प्याने आत गेली तर करंड. दुसरी फसगत बौद्ध लेण्यांत. अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वालाही जटामुकुट असतो आणि पुष्कळ जण त्याला शिव समजून हात जोडतात. त्याच्या जटेत पुढे बसलेला छोटा बुद्ध, अमिताभ, दिसतो का ते बघा. तिथे स्तूप असेल तर तो मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध. झीज झालेली असेल तर अवलोकितेश्वराची खूण हातातलं कमळ पटवतं. बुद्धाच्या माथ्यावरचा उंचवटा उष्णीष आहे, तोही मुकुट नव्हे.

शेवटी उत्तर टोकाला ३२ वं, जैन लेणं. वरच्या मजल्यावर वडाखाली हत्तीवर बसलेला यक्ष, समोर आंब्याखाली सिंहावर अंबिका यक्षी. मुकुट आणि हत्ती पाहून लोकांनी यक्षाला इंद्र मानलं, म्हणून लेण्याचं नाव इंद्रसभा पडलं. आतल्या गाभाऱ्यात ज्याच्यासाठी हे दोघे बसलेत, त्या तीर्थंकराच्या डोक्यावर मात्र काहीच नाही.