गोठा दुरुस्त करता येईल का?

2024 च्या ऑगस्टमधली गोष्ट. कोल्हापूर जिल्ह्यात पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या एका गावात 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला बसले होते. सभा देवळात होती आणि पाऊस असा की पत्र्यावरच्या आवाजात माइकचं काही ऐकू येईना. मी उभी राहून पश्चिम घाटाच्या नव्या मसुद्याबद्दल सांगत होते, किती चौरस किलोमीटर, कुठली सहा राज्यं वगैरे, आणि मागच्या खांबाला टेकून बसलेले एक आबा मधेच म्हणाले, "ते सगळं राहू दे मॅडम, माझा गोठा पडाय आलाय, तो दुरुस्त करता येईल का नाही एवढं सांगा."

मी एका पर्यावरण संस्थेत सरकारी धोरणाचं काम बघते. म्हणजे मंत्रालय, वनविभाग, आमदार, समित्या, हरकती-सूचना, अधिसूचना हे सगळं. लोकांना वाटतं हे काम म्हणजे मंत्र्यांना भेटणं आणि फोटो. पण माझ्यासाठी हे काम काय आहे ते आबांच्या त्या प्रश्नात आहे, म्हणून तेच नीट सांगते.

31 जुलै 2024 ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह एरियाचा, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून काही कामांवर बंदी येणाऱ्या भागाचा, मसुदा पुन्हा काढला. एकूण 56 हजार 825 चौरस किलोमीटर, त्यात महाराष्ट्राचे 17 हजार 340. आणि हा सहावा मसुदा होता. पहिला मार्च 2014 मध्ये आला, मग 2015, 2017, 2018, 2022 आणि आता हा. असं का होतं, तर नियमाप्रमाणे ठरलेल्या मुदतीत अंतिम अधिसूचना निघाली नाही की मसुदा बाद होतो आणि पुन्हा पहिल्यापासून. सध्या ती मुदत 725 दिवसांची आहे. राज्यं म्हणतात आमची गावं वगळा, केंद्र म्हणतं बघू, त्यासाठी 2022 मध्ये एक समिती पण नेमली, तोवर कॅलेंडर पुढे गेलेलं असतं.

आणि प्रत्येक वेळी लोकांना मिळतात 60 दिवस. हरकती, सूचना जे काही असेल ते 60 दिवसांत दिल्लीला पाठवायचं. आता 31 जुलैपासून 60 दिवस मोजा. कुठे लावणी चालू, कुठे नुकतीच उरकलेली, मग भांगलण, मग 7 सप्टेंबरला गणपती. राजपत्र निघतं हिंदी आणि इंग्रजीत. डोंगरातल्या गावात त्या दिवसांत नेट सोडा, लाइट पण धड नसते. अशा वेळी त्या माणसाने पानंच्या पानं इंग्रजी वाचून कलमवार हरकत पाठवावी अशी अपेक्षा असते, आणि नाही पाठवली तर लोकांचं काही म्हणणं नव्हतं असं धरलं जातं. मला याचा खरंच राग येतो, इतक्या वर्षांनी पण येतो.

तर गोठा. मसुद्यात बंदी कशावर आहे ते आधी सांगते, कारण गावात जे पसरलेलं असतं आणि कागदावर जे असतं त्यात फार अंतर आहे. खाणी, दगडखाणी आणि वाळूउपसा यांच्यावर बंदी, चालू खाणी पाच वर्षांत किंवा लीज संपेल तेव्हा, जे आधी असेल तेव्हा बंद. नवे औष्णिक प्रकल्प नाहीत. रेड कॅटेगरीतले, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारे नवे कारखाने नाहीत. वीस हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठी बांधकामं नाहीत, म्हणजे जवळजवळ पाच एकर भरेल एवढं बांधकाम, आणि मोठ्या टाउनशिप नाहीत. शेती बंद करा असं कुठेही नाही. आणि राहत्या घराची दुरुस्ती, वाढवणं, नूतनीकरण याला बंदी नाही असं स्पष्ट लिहिलंय.

मी हे वाचून दाखवलं, मराठी करून, एकेक ओळ. आबा म्हणाले, घराचं कळलं, गोठ्याचं कुठाय?

आणि गोठा हा शब्द त्यात नाहीये.

राहतं घर आहे. गोठा नाही, खळं नाही, विहिरीवरची मोटरची खोली नाही. कायद्याच्या अंगाने बघितलं तर गोठ्याला काही धोका नाही, बंदीच्या यादीत तो कुठे बसतच नाही, पाच एकराचा गोठा कोण बांधतंय. तिथे मी "काही होत नाही आबा, बिनधास्त बांधा" म्हणून पुढे जाऊ शकले असते. पण मी या कामात एवढं शिकलेय की गावात एकदा जरी उगाच खात्री दिली आणि उद्या कुणी तलाठ्याने किंवा गार्डने अडवलं तर त्या गावात पुन्हा कुठलीच संस्था पाय ठेवू शकत नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून जे होतं ते सांगितलं. बंदी नाहीये, पण शब्द पण नाहीये. तुम्ही म्हणत असाल तर तो शब्द घालायला सांगूया.

पुढचा दीड तास सभा नुसती यादीवर चालली. गोठा, खळं, विहीर, गावठाणातला रस्ता, देवराईतल्या देवळाचं छप्पर. एका मावशींनी बचत गटाचं काजू युनिट घालायला लावलं. आत्तापर्यंत जे लोक "इको सेन्सिटिव्ह नको" एवढंच म्हणत होते ते आता काय हवं, कसं हवं हे सांगायला लागले. आणि मग एकाने, बहुतेक दूध संकलनाचं काम करणारा पोरगा होता, तो म्हणाला की बॉक्साइटची खाण नको हे पण लिहा. कोल्हापूरच्या या पट्ट्यात डोंगरांच्या सपाट माथ्यांवर बॉक्साइट आहे, लोकांनी खाणीचे ट्रक बघितलेत, सडा, म्हणजे हा सपाट खडकाळ माथा, खरवडला की खालचे झरे कसे जातात तेही बघितलंय. त्यांना कुणी जैवविविधता शिकवायची गरज नाही.

मला नेहमी वाटतं की या सगळ्या वादाची गाठ तिथेच सुरुवातीला बसली. पश्चिम घाट कसा जपायचा हे सांगायला केंद्राने नेमलेल्या, पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांच्या समितीचा अहवाल 31 ऑगस्ट 2011 ला सरकारला दिला गेला, पण लोकांसमोर आला मे 2012 मध्ये, माहिती अधिकार आणि दिल्ली हायकोर्ट एवढं सगळं झाल्यावर. त्या मधल्या काळात ज्यांना खाणी हव्या होत्या त्यांनी गावोगाव सांगून ठेवलं की आता सरपण पण आणता येणार नाही. गाडगीळांचा सगळा भर ग्रामसभेवर होता, लोकांनी ठरवावं आपल्या भागात काय चालेल. पण अहवाल इंग्रजीत, जाडजूड, आणि ज्या ग्रामसभांनी ठरवायचं त्यांच्या हातात मराठीत धड काही पोचलंच नाही. मग गाडगीळांचा अहवाल पुन्हा तपासायला कस्तुरीरंगन समिती आली, 2013 चा अहवाल, त्यांनी उपग्रहाच्या नकाशावरून गाव हे एकक धरलं, गावाचा 20 टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील असेल तर अख्खं गाव यादीत. त्यामुळे एका बांधाच्या अलीकडचं गाव आत आणि पलीकडचं बाहेर असं झालं, आणि का ते कुणी सांगायला नाही. त्यात भर म्हणजे अभयारण्याभोवतीचा इको सेन्सिटिव्ह झोन ही वेगळीच गोष्ट, तिचे नियम वेगळे, पण नाव इतकं सारखं की राधानगरी अभयारण्याच्या बाजूची माणसं दोन्ही एकच समजतात, आणि खरं सांगायचं तर काही कर्मचारी पण.

सभेनंतर आम्ही ठराव लिहिला. ग्रामसेवकांनी त्यांच्या भाषेत, मी माझ्या, मग दोन्ही एकत्र. एक प्रत ईमेलने आणि एक स्पीड पोस्टाने दिल्लीला इंदिरा पर्यावरण भवनला. पण दिल्लीला पाठवून काम संपत नाही, राज्याचं मत काय जातं ते जास्त महत्त्वाचं असतं, आणि ते मंत्रालयातून जातं. म्हणून पुढच्या आठवड्यात रात्रीच्या गाडीने मुंबई.

मंत्रालयातलं काम म्हणजे बराच वेळ थांबणं. दुपारचा पास, लिफ्टची रांग, साहेब मीटिंगमध्ये. एका कार्यालयात आमचं आधीचं निवेदन सापडलंच नाही, आवक नंबर माझ्याकडे होता तरी. पुन्हा दिलं, पुन्हा पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय मी टेबलावरून उठत नाही, नवीन येणाऱ्या पोरांना पण पहिलं हेच सांगते.

पण तिथेच मला सगळ्यात उपयोगाची गोष्ट शिकवली ती एका कक्ष अधिकारी बाईंनी, पाच-सहा वर्षांपूर्वी. मी तेव्हा छान बारा पानांचं इंग्रजी पॉलिसी ब्रीफ घेऊन गेले होते, रंगीत नकाशे सगळं. त्यांनी चाळलं आणि म्हणाल्या, "हे चांगलं आहे हो, पण मला टिपणी मराठीत लिहायचीय आणि ती एका पानात बसवायचीय. मी उचलून लिहू शकेन अशी चार वाक्यं द्या." तेव्हापासून मी तसंच लिहिते. कुठलं कलम, सध्या काय लिहिलंय, त्याच्या जागी काय हवं, का हवं. टिपणी कक्ष अधिकाऱ्याकडून अवर सचिव, मग उपसचिव, मग प्रधान सचिव अशी वर जाते, आणि वर जाता जाता प्रत्येक टेबलावर थोडी आखडते. ग्रामसभेतलं वाक्य शेवटपर्यंत टिकवायचं असेल तर ते मुळातच इतकं लहान आणि घट्ट हवं की कुणाला कापायला जागा राहू नये. "कलमातील राहती घरे या शब्दांनंतर गोठा, खळे, विहीर व शेतघर हे शब्द समाविष्ट करावेत." बस. दीड तासाची सभा, भिजलेली माणसं, ते सगळं या एका ओळीत.

आमदारांच्या पीएंना पण भेटतो आम्ही, सगळ्याच पक्षांच्या. अधिवेशनाच्या आधी तारांकित प्रश्न, लक्षवेधी यासाठी माहिती देतो. पक्षाचं काम करत नाही, ते आमच्यासारख्या संस्थेला चालतही नाही आणि करायचंही नाही. यासाठी पैसा उभा करणं मात्र अवघड. झाडं लावायला देणगी मिळते, कासवांना मिळते, पण हरकती लिहिणाऱ्या माणसाच्या पगाराला कोण देणार? ज्यांच्याकडे परदेशी निधी येतो त्यांना एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या 2020 च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांत बसवावा लागतो, आधी 50 होता, आणि माझ्यासारख्यांचा पगार, प्रवास बऱ्याचदा त्याच खात्यात जातो. ओळखीच्या दोघी हे काम सोडून गेल्या, दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या.

अजून एक सांगायचं राहिलं. त्या गावात आमचं ऐकून का घेतलं, तर त्याच्या आधीच्या वर्षी आम्ही गव्यांनी खाल्लेल्या ऊस-भाताचे पंचनामे वेळेत व्हावेत म्हणून लोकांबरोबर रेंज ऑफिसला खेपा घातल्या होत्या, अर्ज भरून दिले होते. काहींना भरपाई मिळाली, काहींचे अर्ज अडकले, पण आम्ही शेवटपर्यंत बरोबर होतो. ज्याचं पीक गव्याने खाल्लंय त्याच्यासमोर आधी पश्चिम घाटाचं महत्त्व सांगायला उभं राहू नये. मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

हा मसुदा निघाला त्याच्या आदल्या दिवशी, 30 जुलैला पहाटे, केरळच्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीखाली गेली. आणि 30 जुलै हीच माळीणच्या दरडीची तारीख, 2014 ची, बरोबर दहा वर्षं. मधे तळीये झालं, इर्शाळवाडी झाली. प्रत्येक दरडीचं कारण खाण किंवा बांधकाम असतं असं मी म्हणणार नाही, पाऊस, उतार, माती सगळंच असतं. पण डोंगराच्या माथ्यावर काय करायचं आणि काय नाही हे ठरवायला आपण दहा वर्षांत सहा मसुदे काढले हे मी ग्रामसभेत सांगितलं तेव्हा देवळात कुणी काही बोललं नाही. तिथल्या बऱ्याच जणांची घरं डोंगराच्या कुशीतच आहेत.

निघताना आबांनी मराठी केलेला कागद मागून घेतला. झेरॉक्स नव्हती म्हणून माझीच प्रत दिली, तिच्यावर मी पेनाने गोठा लिहून गोल केला होता. गणपतीनंतर त्यांच्या नातवाने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, गोठ्यावर नवे पत्रे आणि खाली विचारलेलं, मॅडम ते शब्दाचं काय झालं? मी लिहिलं, राज्याला दिलंय, पोच आहे, दिल्लीचं अजून काही नाही. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी त्याचा तोच मेसेज येतो आणि मी मंत्रालयात गेले की त्या टेबलावर जाऊन तेच विचारून येते.