बंगळुरू ते बिदर, हॉकच्या मागावर

बंगळुरूच्या जुन्या विमानतळाच्या रस्त्याने मारतहळ्ळीकडे जाताना एचएएलचं, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स या विमानं बांधणाऱ्या सरकारी कंपनीचं, वारसा संग्रहालय लागतं. बहुतेक लोक तिकीट काढून थेट मागच्या अंगणात पळतात, कारण खरी विमानं तिथे उभी आहेत. मी आधी फोटोंच्या दालनात गेलो आणि बराच वेळ तिथेच रमलो. कंपनीची सगळी वाटचाल १९४०पासून तिथे भिंतींवर मांडली आहे.

सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला सोबत घेऊन डिसेंबर १९४०मध्ये हा कारखाना उभा केला. इथे जोडून उडवलेलं पहिलं विमान म्हणजे १९४१चं हार्लो, एक अमेरिकन प्रशिक्षण विमान. पुढच्याच वर्षी इथून कर्टिस कंपनीचं लढाऊ विमान बाहेर पडलं. त्याचंही नाव हॉक. नावाचा हा योगायोग मला फार आवडला, कारण मी ज्या हॉकसाठी घरून निघालो होतो ते साठ-पासष्ट वर्षांनी, याच शहरात, याच कंपनीने परवान्यावर बांधलेलं ब्रिटिश प्रशिक्षण जेट हॉक होतं. वायुदलातली लढाऊ वैमानिकांची पिढी आज त्यावरच तयार होते.

अंगणात किरण या प्रशिक्षण जेटपाशी एचएएलचे एक निवृत्त कामगार भेटले. मूळचे बेळगावकडचे. मी मराठीत फोनवर बोलत होतो ते ऐकून स्वतःहून जवळ आले.

"किरणवर काम केलंय मी. पंखावर नख फिरवून बघा," ते म्हणाले.

मी फिरवलं. पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या, म्हणजे रिव्हेटच्या, ओळींवरून नख गेलं, पण कुठेही अडकलं नाही. रिव्हेटचं डोकं पत्र्यात इतकं सपाट बसवलेलं असतं की डोळ्याला फक्त बारीक वर्तुळ दिसतं. जरा वर राहिलं तरी हवेचा प्रवाह बिघडतो, जास्त आत गेलं तर पत्रा कमकुवत होतो.

"काका, परवान्यावर बनवलेलं विमान आणि आपलं स्वतःचं, कामात फरक काय पडायचा?"

"हाताच्या कामात काहीच नाही. पण एखादं भोक चुकलं ना, तर आपल्या डिझाइनच्या विमानाला शेजारच्या इमारतीतल्या साहेबाला बोलवायचं. परवान्याच्या विमानाला कागद लिहून पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची."

परवान्याखालचं उत्पादन म्हणजे काय, ते इतकं नेमकं मला याआधी कुणी सांगितलं नव्हतं. मूळ कंपनी आराखडे, जिग (भाग जागच्या जागी धरणारे साचे), साहित्याचे निकष आणि चाचणीच्या पद्धती देते. सुरुवातीला तयार मोठे भाग खोक्यांतून येतात आणि इथे फक्त जोडले जातात. मग सुटे भाग येऊ लागतात, त्यानंतर नुसता कच्चा माल. दर पायरीला इथल्या हातांना जास्त काम मिळतं. मात्र 'हा भाग असाच का' या प्रश्नाचं उत्तर आराखडा काढणाऱ्याकडेच राहतं. बांधायचा हक्क मिळतो, बदलायचा मिळत नाही.

याच वाटेने पन्नाशीच्या दशकात व्हॅम्पायर आलं, आपल्या वायुदलाचं पहिलं जेट. डी हॅविलंडचं हे विमान एचएएलने परवान्यावर बांधलं आणि त्याचं शिकाऊंसाठीचं दोन आसनी टी-५५ रूपही इथेच जोडलं गेलं. व्हॅम्पायरचा मधला भाग प्लायवूड आणि बाल्सा लाकडाचा असे. लाकडी अंगाचं जेट बंगळुरूच्या सुतारांनी आणि फिटरांनी मिळून उभं केलं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

त्याच सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे इथे स्वतःची विमानं आखत होते. जर्मनीत गटिंगनला वायुगतिशास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकून आलेला हा माणूस. त्यांचं एचटी-२ हे पंख्याचं प्रशिक्षण विमान १९५१मध्ये उडालं आणि ४ सप्टेंबर १९६४ला किरण, आपलं पहिलं स्वदेशी प्रशिक्षण जेट. दोन्ही या अंगणात आहेत. घाटग्यांचं नाव आपल्याकडच्या शाळकरी मुलांना माहीत नसावं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

किरण उत्तम होतं, आजही उडतं. अडचण त्याच्या पुढच्या पायरीची होती. किरणमध्ये शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसतात, विमान सौम्य आहे. तिथून निघालेल्या पोराला पोलंडचं इस्क्रा नाहीतर जुनं हंटर यांवर थोडं घोटून थेट मिग-२१ या वेगवान लढाऊ विमानात बसवत. मिग-२१ ताशी तीनशेहून जास्त किलोमीटर वेगाने धावपट्टीला टेकतं. पंख आखूड, पुढचं नीट दिसत नाही, चुकीला सवड नाही. १९८२मध्ये एअर मार्शल ला फोंतेन यांच्या समितीने सरकारला स्पष्ट सांगितलं की मधल्या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं. करार झाला मार्च २००४मध्ये. बावीस वर्षं! मधल्या काळात अपघात होत राहिले आणि त्यांत विशी-बाविशीची मुलं गेली. सगळे अपघात प्रशिक्षणातल्या कमतरतेमुळे झाले असं कुणी म्हणणार नाही. तरीही एवढा उशीर अक्षम्य होता, असं माझं ठाम मत आहे.

हॉक मी सर्वांत जवळून पाहिलं ते बंगळुरूच्या येलहंका हवाई तळावर, फेब्रुवारी २०२५च्या एअरो इंडिया या विमान प्रदर्शनात. गर्दी परदेशी लढाऊ विमानांभोवती होती, त्यामुळे हॉकपाशी निवांत उभं राहता आलं. विमान छोटंसं, लांबी साडेबारा मीटरच्या आतबाहेर. दोन आसनं एकामागे एक, आणि मागचं ठळकपणे उंच, म्हणजे शिक्षकाला विद्यार्थ्याच्या डोक्यावरून समोरची धावपट्टी दिसते. पुढे बसलेल्या मुलाला मात्र शेजारी कुणीच दिसत नाही. पुढे लढाऊ विमानात एकट्याने बसायचंय, त्याची सवय इथून लागते.

काचेच्या छतावर आतून एक नागमोडी रेषा फिरलेली दिसली. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ती तड्याची खूण वाटली. ती असते स्फोटक दोरी. वैमानिकाने आसनाची दांडी ओढली की आसन वर उडण्याच्या क्षणभर आधी ही दोरी काच फोडते आणि वाट मोकळी करते. ती रेषा पाहिल्यावर या विमानाचा व्यवसाय काय आहे ते अंगावर येतं.

हॉक जन्मलं ब्रिटनमध्ये हॉकर सिडली कंपनीत आणि ऑगस्ट १९७४मध्ये पहिल्यांदा उडालं. इंजिन अडूर, रोल्स-रॉइस आणि फ्रान्सच्या टर्बोमेकाने मिळून केलेलं. याच घराण्यातलं इंजिन आपल्या वायुदलाच्या जग्वार या लढाऊ विमानातही आहे आणि जग्वारसाठी ते एचएएल आधीपासून परवान्यावर बनवत होतं. म्हणजे हॉकचं काळीज बंगळुरूच्या ओळखीचं होतं, आणि कारखान्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय. फिनलंड आणि स्वित्झर्लंडनेही हॉकची जोडणी आपापल्या देशात केली. अमेरिकन नौदलाने त्यावरून विमानवाहू जहाजावर उतरणारं टी-४५ घडवून घेतलं.

आपल्या २००४च्या करारात ६६ विमानं होती. २४ तयार यायची, ४२ एचएएलने बांधायची. विमानं येईपर्यंत आपल्या वैमानिकांच्या तुकड्या ब्रिटनमधल्या व्हॅली नावाच्या हवाई तळावर शिकायला जात होत्या. फेब्रुवारी २००८मध्ये बिदरला हॉक रीतसर वायुदलात दाखल झालं, त्याच वर्षी बंगळुरूत बांधलेलं पहिलं हॉकही उडालं. २०१०मध्ये आणखी ५७ ची मागणी नोंदवली गेली. त्यातली ४० वायुदलाची, १७ नौदलाची, जी गोव्याच्या हंसा तळावर आहेत. एकूण १२३, त्यातली ९९ एचएएलच्या हातची.

बंगळुरूहून रात्रीची गाडी धरून बिदरला गेलो. लातूर-उदगीरकडच्या लोकांना बिदर म्हणजे शेजारचं गाव. माझ्या डब्यातही भालकी, उदगीरची मंडळी होती आणि पहाटेपर्यंत मराठी, कन्नड, दखनी सगळं एकत्र चाललं होतं. वायुदलाच्या तळावर अर्थातच बाहेरच्यांना प्रवेश नाही, आणि आसपास कॅमेरा काढू नका हे सांगायलाच हवं. मी किल्ल्यावर गेलो. बहामनी राजधानीचा हा किल्ला ऐसपैस आहे. रंगीन महालातलं शिंपल्याचं जडावकाम आणि गावातला महमूद गवानचा १४७२चा मदरसा यांवर खरं तर वेगळं लिहायला हवं.

दहाच्या सुमाराला आवाज आला. आधी एक हॉक, मग दुसरं. चाकं खाली, धावपट्टीकडे झुकलेलं, टेकून पुन्हा उठलेलं, पुन्हा गोल फिरून आलेलं. मी तटबंदीच्या सावलीत बसून हे आवर्तन बघत होतो. वळणं आधी ढोबळ वाटत होती. थोड्या वेळाने आलेलं एक विमान मात्र अगदी एका रेषेत वळलं. त्यात शिक्षक होता की विद्यार्थी, कोण जाणे! जवळ शेळ्या घेऊन बसलेल्या आजोबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "रोजचंच आहे, बाबा," एवढंच म्हणाले.

वायुदलाचं हवाई कसरतींचं सूर्यकिरण पथकही बिदरचंच. १९९६पासून ते किरण मार्क-२वर कसरती करायचं. २०११मध्ये ती विमानं शिकाऊंसाठी लागली म्हणून पथक थांबवलं आणि काही वर्षांनी ते हॉकवर पुन्हा उभं राहिलं. येलहंक्याला नऊ हॉक एकमेकांना खेटून डोक्यावरून गेली तेव्हा काकांची रिव्हेट आठवली.

परवान्याची मर्यादा ओलांडायचा प्रयत्नही हॉकवरच झाला. एचएएलने स्वतःच्या पुढाकाराने हॉक-आय ही सुधारित आवृत्ती केली, त्यात मोहिमेची उपकरणं आणि अस्त्रं सांभाळणारा स्वतःचा मिशन संगणक बसवला. जानेवारी २०२१मध्ये त्यावरून धावपट्टी उद्ध्वस्त करणारं स्वदेशी अस्त्र ओडिशाच्या किनाऱ्यावर डागून दाखवलं. सांगाडा त्यांचा असला तरी मेंदूत हात घालायची हिंमत आणि अक्कल आता इथे आहे, हे त्यातून सिद्ध झालं. या एकाच कारणासाठी मला परवान्यावरच्या उत्पादनाला 'नुसती जोडणी' म्हणून हिणवणं पटत नाही. आराखड्यावर हक्क नसलेल्या विमानावर काम करूनच हे लोक इथवर आले.

मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये चंदीगडला निवृत्त झालं. हैदराबादजवळच्या हकीमपेट तळावर मात्र किरण अजून उडतंय. त्याच्या जागी यायचं एचजेटी-३६ हे एचएएलच्या स्वतःच्या डिझाइनचं विमान २००३मध्ये उडालं, गिरकीच्या (विमान गिरक्या घेत खाली येऊ लागलं तर सावरतं का, त्या) चाचण्यांत वर्षानुवर्षं अडकलं आणि २०२५च्या एअरो इंडियात त्याला 'यशस' हे नवं नाव मिळालं. नाव छान आहे. हॉकसाठी २२ वर्षं लागली, यशस तर तेवढा वेळ आधीच घेऊन बसलंय. राहिलेल्या चाचण्या पुऱ्या करून ते आता हकीमपेटच्या मुलांच्या हाती द्यायला हवं. त्याच्या पंखाचं भोक चुकलं तर साहेब शेजारच्या इमारतीतच आहेत.